लाइन गेली, लाइन लागली, लाइन मारली: ‘लाइन’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे, दहावी-बारावीवाले, डीएड झालेल्या पोरी अन् मधूनच एखादे काका, हे सगळे मिळून मला आख्ख्या ग्रामरवर जेवढं विचारत नाहीत तेवढं या एका शब्दावर विचारतात. तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एका जागी लिहून ठेवतो. साधे आधी, किचकट मागून. एखाद्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिकडं पाहा असं सांगितलंय, पुन्हा लिहिलं नाही.

सर, लाइन म्हणजे मराठीत काय? एकच शब्द सांगा ना

एक शब्द नाहीच, तोच तर घोळ आहे. वहीवर ओढली ती रेघ, भूमितीत गेली की रेषा, कवितेत ओळ, रेशनच्या दुकानापुढं रांग, खांबावर तार, कपडे वाळत घालायची वलणी, अन् दोन वावरांच्या मधली हद्द. या सगळ्याला इंग्रजीत लाइन चालून जाते. म्हणून इंग्रजीत लिहायच्या आधी आपल्या मनात मराठी शब्द कोणता आहे तो पाहायचा. रांग असेल तर क्यू, तार असेल तर वायर, पट्टा असेल तर स्ट्राइप, हद्द असेल तर बाउंड्री, अन् रेघ असेल तर बिनधास्त लाइनच. पेपरात समानार्थी शब्द विचारला की पोरं वाक्य न वाचता ओळखीचा दिसला तो ऑप्शन ठोकतात अन् मग म्हणतात का पेपर कठीण होता.

“लाइन गेली” हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मी इंटरव्ह्यूत ‘द लाइन हॅज गॉन’ म्हटलं त समोरचा पाहातच राहिला

पाहणारच ना भाऊ. तिकडं पुण्याकडे लाइट जाते, आपल्याकडे लाइन जाते अन् लाइन येते, दोन्ही आपल्या आपल्या जागी बरोबर. पण इंग्रजीत पॉवर लाइन म्हणजे ती खांबावरची तार. ती कुठं जात नाही, जागेवरच लोंबकळत असते, तिच्यातून येणारी वीज बंद झालेली असते. म्हणून ‘द पॉवर इज आउट’ म्हणा नाहीतर ‘देअर इज अ पॉवर कट’ म्हणा. अमेरिकेतले लोक पॉवर आउटेज म्हणतात.

आता याच्यात एक खोच आहे. ‘द लाइन इज डाउन’ असंही वाक्य असते, पण त्याचा अर्थ तार तुटून खाली पडली, किंवा फोनची लाइन बंद पडली. नुसतं लोडशेडिंग असताना असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल का तार रस्त्यावर पडून आहे. खरंच पडली असेल तर इंग्रजी राहू द्या, जवळ जाऊ नका, ढोरं तिकडं जाऊ देऊ नका अन् 1912 वर फोन लावा.

जाता जाता, डीपी पण आपलीच. आपल्यासाठी डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. शहरातल्या चुलतभावाला “आमची डीपी जळली” असा मेसेज टाकला तर तो आधी तुमचा फोटो उघडून पाहतो. इंग्रजीत सरळ ट्रान्सफॉर्मर लिहा.

गावातल्या लाइनमनले इंग्रजीत लाइनमन म्हणाचं का लाइन्समन?

खांबावर चढणाऱ्याला अमेरिकन इंग्रजीत लाइनमन, ब्रिटिश इंग्रजीत लाइन्समन. आपण लाइनमन म्हणतो, ते बरोबरच आहे. फक्त अनेकवचन करताना लाइनमन्स करू नका, लाइनमेन होते. लाइन्समनची अजून एक भानगड आहे, मैदानाच्या कडेला झेंडा घेऊन उभा राहणाराही लाइन्समनच. फुटबॉलमध्ये 1996 पासून त्याचं अधिकृत नाव असिस्टंट रेफ्री झालंय, पण लोकांच्या तोंडचं जुनं नाव सुटलं नाही.

रांगेला लाइन म्हणू का क्यू म्हणू?

दोन्ही चालते. ब्रिटिश लोक क्यू म्हणतात, अमेरिकन लोक लाइन. आपल्या परीक्षांचं इंग्रजी बरंचसं ब्रिटिश वळणाचं, म्हणून ‘स्टँड इन अ क्यू’ लिहिलं तर कोणी मार्क कापत नाही. अमेरिकन पद्धतीनं ‘स्टँड इन लाइन’, इथं मध्ये ‘अ’ येत नाही हे लक्षात ठेवा. न्यूयॉर्ककडचे लोक तर ‘ऑन लाइन’ उभे राहतात. त्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही, तिकडची बोलायची रीत आहे.

क्यू हा शब्द फ्रेंचांचा, मूळ अर्थ शेपूट. स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षराचाच आवाज निघतो अन् मागची चार अक्षरं चूप उभी असतात. सीझनमध्ये जिनिंगपुढं कापसाच्या गाड्या लागतात ना, फाट्यापासून पार काट्यापर्यंत, ट्रॅक्टरखाली चादर टाकून ड्रायव्हर झोपलेला अन् एखाद्याच्या हातात चहाचा ग्लास, त्यालाही क्यू म्हणता येते. गाड्यांच्या अशा तुंबलेल्या लांब रांगेला ब्रिटिश इंग्रजीत टेलबॅक म्हणतात. तिथंही शेपूट आलीच.

रो अन् लाइन सेमच ना?

पुष्कळदा सेम, पण पक्कं सेम नाही. रो म्हणजे एकाला लागून एक मांडलेल्या वस्तू किंवा माणसं. थिएटरातल्या खुर्च्यांची रो, दातांची रो, पऱ्हाटीची म्हणजे कापसाच्या झाडांची रो. लाइन म्हणजे काहीच मांडलेलं नसलं तरी नुसती रेघ किंवा दोरी असली का झालं.

सरकी टोबताना पाहा. वावराच्या एका धुऱ्यापासून म्हणजे बांधापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत दोरी ताणतात, दोरीवर अंतराअंतरानं चिंध्या बांधलेल्या असतात, बाया वाकून एकेका चिंधीजवळ बोटानं भोक पाडतात, सरकी टाकतात, पायानं माती लोटतात अन् पुढं सरकतात. ती ताणलेली दोरी म्हणजे लाइन. आठ दिवसांनी कोंब वर आले का ती रो. आपण तास म्हणतो तेच. म्हणून ‘रोज ऑफ कॉटन’ लिहा, ते ‘लाइन्स ऑफ कॉटन’ पेक्षा चांगलं दिसते.

रोमध्ये एक खड्डा आहे, तोही सांगतो. स्पेलिंग तेच ठेवून उच्चार ‘राव’ केला का त्याचा अर्थ भांडण. धुऱ्यावरून दोन भावांत जे होते ते राव.

भरतीच्या पुस्तकात रँक अँड फाइल लिहून हाय, त्यात लाइन कोणती?

दोन्ही लाइनीच, दिशा वेगळी. खांद्याला खांदा लावून बाजूबाजूनं उभे राहिले तर रँक, एकामागं एक उभे राहिले तर फाइल. सकाळी पाच वाजता डांबरी रोडवर तुम्ही एकामागं एक पळता ती सिंगल फाइल. अन् ‘द रँक अँड फाइल’ असं जोडून आलं तर अर्थ होतो साधे शिपाई, कार्यकर्ते, म्हणजे साहेब लोक सोडून बाकी सगळे. प्रश्न इथंच फसवतो.

लाइन शब्द आला कुठून? कोणी म्हणते जवसापासून आला, खरं हाय का?

खरं आहे. मला तर या सगळ्यात हेच जास्त आवडते. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात, त्यावरून लिनिया म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी, अन् त्या दोरीवरून लाइन. जवसाचं शास्त्रीय नावही लिनम उसिटॅटिसिमम असंच आहे. आपण जवस पेरतो तो तेलासाठी अन् चटणीसाठी, पण त्याच झाडाच्या उंच जातीच्या खोडातून युरोपात धागा काढत आले, त्याचं कापड ते लिनन. दोरी ताणली का सरळ रेघ मिळते, म्हणून दोरीचं नाव रेघेला लागलं.

याच कुळातले बाकीचे शब्दही ध्यानात ठेवा, एकदम पाठ होतात: लिनसीड म्हणजे जवसाचं बी, लायनिंग म्हणजे कपड्याच्या आतलं अस्तर कारण पहिले ते लिननचंच लावत, अन् लिनोलियम म्हणजे जवसाच्या तेलापासून केलेली जमिनीवर अंथरायची ती शीट. तर भाकरीसोबत जवसाची चटणी खाणाऱ्यानं या शब्दाला परका समजायचं काही कारण नाही.

गवंडी लाइनदोरी अन् ओळंबा म्हणते, त्याले इंग्रजीत काय?

आडवी ताणतात ती लाइनदोरी, इंग्रजीत स्ट्रिंग लाइन किंवा नुसतं लाइन. उभी भिंत सरळ आहे का पाहायला वजन बांधून सोडतात तो ओळंबा, इंग्रजीत प्लम लाइन, अन् खालचं वजन ते प्लम बॉब. प्लम हा शिशाच्या लॅटिन नावावरून आला, वजन शिशाचं असायचं. स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘बी’ असतो, तो बोलायचा नाही.

दोरीला रोप, स्ट्रिंग, कॉर्ड, थ्रेड, लाइन, इतके शब्द काहून?

जाडीवरून. दोरा तो थ्रेड, पुडी बांधायची बारीक दोरी ती स्ट्रिंग, जाड दोर तो रोप, मधली विणलेली ती कॉर्ड. कामासाठी ताणून ठेवली का तीच लाइन होते, म्हणून वलणीला क्लोथ्सलाइन अन् गळाच्या तंगुसाला फिशिंग लाइन. बैलाचा कासरा मात्र लाइन नाही, त्याला रेन म्हणतात, अन् खुंट्याला बांधायचं दावं ते टेदर.

वाघाच्या अंगावर लाइन्स असतात असं लिहिलं त चुकते का?

समजते, पण शोभत नाही. रुंदी असलेला पट्टा म्हणजे स्ट्राइप. ताडोबाचा वाघ स्ट्राइप्सवाला. बारीक, लांबुडकी, थोडी वेडीवाकडी रेघ दिसली तर स्ट्रीक, पेनाचा किंवा ब्रशचा एक फटकारा तो स्ट्रोक. कापडाची किंवा कपाळाची घडी पडून उमटते ती क्रीझ. क्रिकेटमधली क्रीझ ती हीच, शब्द घडीचा अन् काम रेघेचं.

रेल्वे लाइन अन् रेल्वे ट्रॅक एकच ना?

बोलताना एकच, लिहिताना फरक करा. ट्रॅक म्हणजे खाली पडलेले रूळ, लाइन म्हणजे गावागावाला जोडणारा आख्खा मार्ग. बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया ही मुंबई-हावडा मेन लाइनवरची गावं. अमरावती मेन लाइनवर नाही, बडनेऱ्यावरून फाटा जातो, त्याला ब्रँच लाइन म्हणायचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर अन् तिथून अचलपूर धावायची त्या शकुंतला गाडीची लाइन नॅरो गेजची. इथं नॅरो हा शब्द रुळांमधल्या अंतराला आहे, मार्ग लहान आहे असा अर्थ नाही. एका पोरानं ‘द ट्रेन इज कमिंग ऑन लाइन’ लिहिलं होतं, त्यानं ‘ऑन द लाइन’ लिहिलं असतं तर निभलं असतं.

नागपूरले सिव्हिल लाइन्स, पोलीस लाइन टाकळी अशी नावं काहून हायेत?

इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या राहायच्या झोपड्या ओळीनं बांधत, त्या ओळींना लाइन्स म्हणत. तेच नाव पुढं पोलिसांच्या क्वार्टरला लागलं ती पोलीस लाइन, अन् लष्करी नसलेल्या साहेबांचे बंगले जिथं होते ती सिव्हिल लाइन्स. म्हणून इंग्रजीत पत्ता लिहिताना शेवटचा ‘स’ खाऊ नका.

कबड्डीतल्या लाइनींची इंग्रजी नावं सांगा, कॉमेंट्री समजत नाई

मधली ती मिडलाइन. तिच्यापासून पुढं निदान रेषा, इंग्रजीत बॉक लाइन, पुरुषांच्या मैदानात 3.75 मीटरवर. चढाईवाल्याला कोणाला हात न लावता परत यायचं असेल तर ती ओलांडावीच लागते. तिच्या 1 मीटर पुढं बोनस लाइन. शेवटची एंड लाइन. बॉकमध्ये ‘एल’ लिहितात पण बोलत नाहीत.

क्रिकेटमधली लाइन अँड लेंथ पण बरेच जण विचारतात. लाइन म्हणजे चेंडू कोणत्या दिशेनं येऊन राहिला, लेंथ म्हणजे टप्पा कुठं पडला. तिथं रेघ नसतेच.

लाइन मारणे, लाइन देणे इंग्रजीत चालते का?

नाही चालत, अन् ‘ही वॉज बीटिंग लाइन’ असं कुठं लिहू नका, बाप्पा. लाइन मारणे हे फ्लर्ट करणे किंवा ‘हिट ऑन समवन’. ओळख काढायला जे ठरलेलं वाक्य टाकतात ते मात्र पिक-अप लाइन, म्हणजे लाइन तिथंही येते पण वाक्य या अर्थानं. बाकी आपले वाक्प्रचारही असेच इकडंच राहू द्या. “पोराची लाइन लागली” म्हणजे ‘ही इज सेटल्ड’ किंवा ‘ही हॅज फाउंड अ जॉब’. “त्याला लाइनवर आणतो” म्हणजे ‘आय विल ब्रिंग हिम इनटू लाइन’, हे एक जवळपास जुळते. “तुम्ही कोणत्या लाइनमध्ये आहात” हे तर जसंच्या तसं जाते, ‘व्हॉट लाइन ऑफ वर्क आर यू इन’.

फॉर्म “ऑनलाइन केला” असं म्हणणं बरोबर हाय का?

मराठीत काय अडचण आहे, सेतूत जाऊन सगळेच म्हणतात. सातबारा ऑनलाइन काढला, ई-पीक पाहणी ऑनलाइन केली. इंग्रजीत मात्र ऑनलाइन ही करायची गोष्ट नाही, कशी केली ते सांगणारा शब्द आहे. म्हणून ‘आय ऑनलाइन्ड द फॉर्म’ नको, ‘आय फिल्ड इन द फॉर्म ऑनलाइन’. तिकडच्या ‘ऑन लाइन’ उभं राहण्याबद्दल वर क्यूच्या प्रश्नात आहे. हेल्पलाइनचंही असंच, तिला ‘कॉल’ करायचं. शेतीचं विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरची हेल्पलाइन 1800-180-1551, तिथं मराठीतच बोला.

डेडलाइनमध्ये कोण मेलं?

हसू नका, खरोखर माणसं मारायचीच रेघ होती ती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तुरुंग होता. आत कुंपणाच्या अलीकडं एक हद्द आखली होती, कैदी तिच्या पलीकडं गेला का पहारेकरी गोळी घालत. ती डेड लाइन. पुढं वर्तमानपत्रवाल्यांनी हा शब्द बातमी द्यायच्या शेवटच्या वेळेला लावला. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बसला का हा इतिहास जरा जवळचा वाटतो.

धुऱ्याला बाउंड्री म्हणू, बॉर्डर म्हणू का लाइन म्हणू?

मातीचा जो उंचवटा दिसते, ज्याच्यावर तुरीची दोन झाडं असतात, तो बंड. मोजणीवाले नकाशावर दाखवतात ती बाउंड्री लाइन. दोन देशांच्या किंवा राज्यांच्या मधली ती बॉर्डर. वावराला बॉर्डर लिहिलं तर समजते, पण दोन भाऊ म्हणजे दोन देश नाहीत, निदान कागदावर तरी. नियंत्रण रेषेला बॉर्डर न म्हणता लाइन म्हणतात, कारण ती ठरलेली सरहद्द नाही, 1972 च्या सिमला करारानं मानलेली रेषा आहे. हे जीएसला, म्हणजे सामान्य ज्ञानाच्या पेपरालाही येते.

माणसाच्या वंशालाही लाइन म्हणतात म्हणे?

म्हणतात, दोरीसारखा वंश पुढं जाते म्हणून. नागपूरच्या भोसल्यांचं उदाहरण घ्या. तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले, मुलगा नव्हता, अन् डलहौसीनं दत्तक न मानता 1854 मध्ये राज्य खालसा केलं. याच्यावर वाक्य आलं, ‘द किंग डाइड विदाउट ॲन एअर अँड हिज लाइन एंडेड’, तर इथं लाइनचा समानार्थी लिनिएज किंवा डिसेंट. रो टाकला तर गेले मार्क.

नाटकातल्या लाइन्स अन् शाळेतल्या लाइन्स यात फरक काय?

नाटकवाल्याच्या लाइन्स म्हणजे त्याचे डायलॉग, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकात जे पाठ लागतात ते. ब्रिटिश शाळेत ‘ही गॉट लाइन्स’ म्हणजे एकच वाक्य शंभरदा लिहायची शिक्षा मिळाली. दोन्हीकडं अनेकवचन, ‘स’ सोडू नका. ‘ड्रॉप मी अ लाइन’ मध्ये मात्र एकच, म्हणजे चार ओळी लिहून पाठव.

टो द लाइनचं स्पेलिंग दोन जागी दोन दिसते, बरोबर कोणतं?

पायाच्या बोटाचं टो. शर्यत सुरू व्हायच्या आधी बोटं रेघेला टेकवून उभं राहतात, त्यावरून नियमात राहणे, वरचे सांगतात तसं वागणे. ट्रॅक्टरनं बंद गाडी ओढतात त्या टोचं स्पेलिंग टाकलं तर चूक. याच्या उलट ‘क्रॉस द लाइन’, मर्यादा सोडणे. ‘बॉटम लाइन’ हिशोबाच्या कागदाची शेवटची ओळ, नफा का तोटा, म्हणून मुद्द्याची गोष्ट. ‘रीड बिटवीन द लाइन्स’ म्हणजे बोलण्यामागचं ओळखणे, सोयरीक पाहायला आलेले पाहुणे “कळवतो” म्हणतात तेव्हा करतो ते.

लाइन लिहाचं का लाईन? अन् ती का तो?

ती. ती लाइन, त्या लाइनी. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही पाट्यांवर दिसते, मी इंग्रजी उच्चाराला जवळ म्हणून ऱ्हस्व लिहितो, पण एका उत्तरपत्रिकेत एकच ठेवा.

पेपरात दोन ऑप्शन बरोबर दिसले तर कोणतं मारायचं?

वाक्यात लाइन शब्द काढून तो ऑप्शन घालून पाहा. ‘देअर वॉज अ लाँग लाइन ॲट द काउंटर’, ऑप्शन रो अन् क्यू. काउंटरपुढं माणसं एकामागं एक आपली पाळी यायची वाट पाहतात, म्हणून क्यू. ‘अ लाइन ऑफ ट्रीज अलाँग द रोड’, तिथं कोणी पाळीची वाट पाहत नाही, म्हणून रो. अन् ‘लाइन्स ऑन हिज फेस’ आलं तर रिंकल, तिथं स्ट्राइप मारणारे दरवर्षी निघतातच.